ठराव फाइलमधली एक ओळ

विलास, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. आपले मालक हरेशभाई, त्यांनी दोनदा खूण केली, "प्रज्ञा, दोन शब्द बोल," म्हणाले, पण मी खुर्चीला चिकटून बसले. तिथे प्रत्येक जण उठून सांगत होता की तू किती शांत होतास, कधी आवाज चढवला नाहीस, कुणाचं मन मोडलं नाहीस. कोण होता रे तो माणूस? मी ज्याच्या शेजारच्या टेबलावर पाच वर्षं काढली, तो चहा गार झाला तरी चिडायचा, मशीन अडकलं की कीबोर्डवर मूठ आपटायचा आणि माझ्या प्रत्येक सूचनेवर "चालतंय ना? मग चालू दे की" म्हणून मला पेटवायचा. गेल्यावर माणसाला असं घासूनपुसून गुळगुळीत करायची पद्धत असेल तर असो. मी करणार नाही. मला माझा खडबडीत विलासच हवाय, कारण माझं त्याच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही, आणि एक गोष्ट त्याला सांगायची राहून गेलीय.

वहिनी म्हणाल्या, गेलेल्या माणसाला अरेतुरे करू नये. मी त्यांना म्हटलं, पहिल्या दिवशी मी 'सर' म्हटलं होतं, तेव्हा त्यानेच मला सांगितलं, "सर शाळेत असतात, इथे विलास." बारा वर्षांनी मोठा होतास तू माझ्यापेक्षा. आता उगाच 'तुम्ही' म्हटलं तर तू दचकून मागे बघशील की कोण आलं.

सिल्व्हर पार्कमधलं आपलं ते एका खोलीचं ऑफिस. खाली लेडीज टेलर, वर आपण. दिवसभर खालून शिलाई मशीनची घरघर आणि वरून तुझी कटकट. हरेशभाई गिऱ्हाईक आणायचे, आपण दोघांनी वेबसाइट बनवायच्या. कोणाची टाइल्सची, कोणाची क्लासेसची, कोणाची लग्नाच्या हॉलची. शिकवलंस तू मला सगळं. कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट घेऊन आले होते मी, पण काम कशाशी खातात ते तुझ्याकडे बघून कळलं. हे उपकार मी नाकारत नाही. फक्त त्याच्या जोडीने तुझ्या घाणेरड्या सवयीही मला निस्तराव्या लागल्या, हेही लिहून ठेवते.

तुझी सगळ्यात घाणेरडी सवय म्हणजे अवतरण चिन्हं न देणं. प्रोग्रॅममध्ये एखादा शब्द नुसता शब्द म्हणून वापरायचा असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी चिन्हं द्यावी लागतात. नाही दिली, तर पीएचपीला, आपल्या प्रोग्रॅमच्या त्या भाषेला, वाटतं की या नावाची काहीतरी किंमत आधी कुठेतरी ठरवून ठेवलेली आहे. ती कुठेच सापडली नाही की ते कुरकुरतं, "यूज ऑफ अनडिफाइन्ड कॉन्स्टंट", म्हणजे ही किंमत ठरलेलीच नाही, असा इशारा देतं, आणि मग तोच शब्द खरा धरून पुढे जातं. काम होतं, पान दिसतं, गिऱ्हाईक खूश. तुला तेवढंच पुरायचं. तू प्रत्येक साइटच्या डोक्यावर एक ओळ टाकून ते सगळे इशारे झाकून ठेवायचास.

"अरे, निदान आपल्याला तरी दिसू देत," मी म्हणायचे. "वेगळ्या फाइलीत जमा होऊ देत. आपण रोज वाचू."

"रोज कोण वाचणार? तू?"

"हो, मी."

"तू आधी वेळेवर ऑफिसला ये, मग इशारे वाच."

असं बोललास की मी दिवसभर तुझ्याशी बोलायचे नाही आणि चारच्या चहाला तूच माझा कप भरून ठेवायचास. वाद तिथेच राहायचा. पाच वर्षं तो वाद तिथेच राहिला.

पण एक गोष्ट तुझी मला मनापासून आवडायची. ज्या किमती खरोखरच एकदा ठरवून ठेवायच्या, त्या तू एकाच फाइलीत लिहायचास आणि त्या फाइलीला 'ठराव' म्हणायचास. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा ठराव झाला की मग कोणी मधेच बदलायचा नाही, तसं. फाइलीच्या वरच्या भागात कोणी काय बदललं, का बदललं, हे आपण दोघांनी मराठीत लिहायचं आणि खाली आद्याक्षर टाकायचं, हा तुझा नियम. बाकी सगळीकडे तू गबाळा, पण ठराव फाइल मात्र देवघरासारखी लख्ख.

वधूवर मंडळाची साइट तुझ्या ओळखीनेच आली होती. रत्नागिरीकडची तुझीच माणसं. मीरा-भाईंदरला येऊन स्थिरावलेली, कोणी कंपनीत, कोणी दुकानात. अध्यक्ष घागकाका तुझ्या वडिलांना ओळखणारे. मुलामुलींची माहिती, फोटो, सगळं साइटवर. दसऱ्याच्या आठवडाभर आधी घागकाका येऊन म्हणाले, आता फोन नंबरही भरून घ्या, पण मुलींचे नंबर कोणाला दिसता कामा नयेत. मंडळ दोन्ही घरांना विचारील आणि मगच देईल. तू मान हलवलीस आणि ठरावात ओळ घातलीस. 'फोन दाखव', आणि पुढे किंमत, 'नाही'. पान उघडताना तो ठराव बघायचा आणि नंबर झाकायचे. साधं, सरळ काम.

मग दसरा आला.

तुझी ती पूजा! सकाळी लवकर येऊन दोन्ही कॉम्प्युटर पुसलेस, हळदकुंकू लावलंस, मॉनिटरला झेंडूची माळ घातलीस. तुझे वडील सुतार. त्या दिवशी ते करवतीला हात लावत नसत, म्हणून तू माऊसला लावत नव्हतास. "उद्या सकाळी फुलं काढेपर्यंत मशीन चालू करायचं नाही. अवजारालाही एक दिवस सुटी पाहिजे." दर वर्षी हेच. आणि दर वर्षी माझं म्हणणं एकच, की मशीनला सुटी कळत नाही आणि पूजा मी करत नाही. आमच्या घरी त्या दिवशी पांढरी साडी नेसून विहारात जायचं असतं, धम्मदीक्षेचा दिवस असतो तो. तू म्हणायचास, "पूजा करू नकोस गं, फक्त हात लावू नकोस." आणि श्रीखंडाचा डबा पुढे करायचास. श्रीखंडाला मी कधी नाही म्हटलं नाही, तेवढी माझी तत्त्वं लवचिक होती.

त्या दिवशी दुपारी मी पूनम सागरला घरी होते, विहारात निघायच्या तयारीत. घागकाकांचा फोन आला. मेळाव्याची तारीख बदलली होती, लोक जुनी तारीख बघून गावाहून तिकिटं काढतील, आत्ताच्या आत्ता बदला. तुझा मोबाइल बंद होता. दसऱ्याला तू तोही बंद ठेवायचास, अवजारच ना तेही. ऑफिसची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी जाऊन मशीन चालू केलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण मी गेले नाही, आणि कारण ऐक. तुझ्या श्रद्धेचा मान राखला वगैरे काही नाही. मला चिडचिड झाली होती. तुझ्या त्या माळेला हात लावून ती बाजूला करायची म्हणजे तिला काहीतरी महत्त्व द्यायचं, आणि ते मला द्यायचं नव्हतं. मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. पांढऱ्या साडीत मला बघून तो मालक म्हणाला, "मॅडम, आज के दिन भी काम? पेन ड्राइव में वायरस तो नहीं है ना?" मी म्हटलं, "नहीं भैया, दस मिनट का काम है."

माझ्या पेन ड्राइवमध्ये ठराव फाइल होती, मेळाव्याची तारीख त्यातच असायची. मी ती उघडली, तारीख बदलली, सर्व्हरवर चढवली आणि विहारात गेले.

दुसऱ्या दिवशी तुझ्याआधी येऊन मी फुलं काढली. ऑफिसच्या फाइलीतही तारीख बदलली, आद्याक्षर टाकलं, म्हणजे तुला काही कळू नये. वर चढवली नाही, कारण ते काम तर झालंच होतं. तू आलास. "घागकाका भेटले खाली. तारीख बदलायला सांगितलंय म्हणाले."

"बदलली."

"कधी?"

"आत्ता. सकाळी. फुलं काढून."

तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझा चेहरा असा काही खुलला, विलास. "म्हणजे काल थांबलीस तू. बरं वाटलं गं." एवढंच म्हणालास. पाच वर्षांत तू मला चांगलं म्हटल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातला एक मी खोटं बोलून मिळवला. खरं सांगितलं असतं तर तू चिडला असतास, मूठ आपटली असतीस, आणि दुसऱ्या मिनिटाला विचारलं असतंस, "कुठली फाइल चढवलीस? दाखव." मला माहीत आहे, विचारलंच असतंस.

त्यानंतर वीस दिवसांनी तू गेलास. दवाखाना, धावपळ, ते सगळं मी इथे लिहीत नाही. वहिनींना ते रोज दिसतंय, तेवढं पुरे.

तुझे दिवस अजून झाले नव्हते, तेव्हा घागकाका ऑफिसला आले. बसले नाहीत. भाईंदरच्या रेश्माच्या घरी तीन आठवड्यांपासून फोन येत होते. नर्सचं काम करणारी मुलगी, वडील एका गोदामावर वॉचमन. कोणीही उठून फोन करत होतं, भलतंसलतं बोलत होतं. एकाने तर दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन हाक मारली. नंबर आपल्या साइटवर होता. तिचाच काय, सगळ्या मुलींचे होते, कोणालाही दिसतील असे. "विलासवर विश्वास टाकला होता आम्ही," घागकाका म्हणाले. "घरातला मुलगा म्हणून."

हरेशभाईंनी त्याच दुपारी साइट लोकांसाठी बंद केली आणि पत्र लिहायला घेतलं. 'आमचे प्रोग्रॅमर कै. विलास यांच्या हातून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.' मला वाचायला दिलं. मी म्हटलं, कशावरून त्याची चूक? ते म्हणाले, "प्रज्ञा, देख. मंडळाचं काम तोच बघत होता ना? जो गया उसको अब क्या फरक पडेगा? कंपनी तो चलानी है." वाईट माणूस नाहीत ते, विलास. स्मशानात सगळ्यात जास्त तेच रडले. पण त्यांना सोपी वाट सापडली होती आणि ती तुझ्यावरून जात होती.

त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला. भेटायला येणाऱ्या बायका सांत्वन करून उठताना म्हणत होत्या, जाऊ दे, झालं ते झालं, पण मुलींच्या बाबतीत असं व्हायला नको होतं. वहिनींनी मला विचारलं, "प्रज्ञा, त्यांच्या हातून झालं का गं असं? खरं सांग. मला काय सांगायचं ते कळत नाही लोकांना." मी म्हटलं, "चार दिवस द्या मला."

पहिलं काम, सर्व्हरवरच्या साइटमधून तुझी ती झाकणारी ओळ काढली. आणि पान भरून इशारे आले. खाली सरकवत जावं तर संपेचनात. सगळे तुझ्या न दिलेल्या अवतरण चिन्हांचे. नाव, गाव, उंची, शिक्षण, रास, प्रत्येक शब्दामागे एक कुरकुर. मी तुला शिव्या देत एकेक दुरुस्त करायला बसले. चिन्हं देत गेले, पान पुन्हा उघडत गेले, इशारे एकेक करून गळत गेले. रडत होते म्हणशील तर नव्हते, चिडले होते. तू असताना हे केलं असतं तर दोघांनी मिळून दोन दिवसांत झालं असतं, आणि तू मधेमधे 'चालतंय ना' म्हणाला असतास.

चौथ्या दिवशी दुपारी पानावर एकच इशारा उरला. त्याला चिन्हं द्यायची नव्हती. तो शब्द खरोखरच ठरावातला होता. 'फोन दाखव'. पीएचपीला त्याची किंमत कुठेच सापडत नव्हती.

आणि सापडली नाही की ते काय करतं? शब्दच खरा धरतं. आणि हो की नाही विचारलं तर काहीतरी लिहिलेला कुठलाही शब्द म्हणजे त्याच्या लेखी 'हो'. तू 'नाही' लिहून ठेवलं होतंस. ओळ हरवली आणि त्याचं 'हो' झालं. शेकडो फालतू इशाऱ्यांच्या गर्दीत हा एक खरा इशारा तीन आठवडे बसून होता, आणि त्या सगळ्यांवर तू पांघरूण घातलं होतंस.

मी ऑफिसच्या मशीनवरची ठराव फाइल उघडली. ओळ तिथे होती. वर तुझ्या शब्दांत नोंद, 'मुलींचे नंबर कोणालाही दिसू नयेत. घागकाकांनी सांगितल्यावरून. वि.' मग सर्व्हरवरची उघडली. तिथे नव्हती, नोंदही नाही. ती फाइल जुनी होती, तू ओळ घालायच्या आधीची. आणि ती चढवल्याची वेळ होती दसऱ्याची दुपार.

दसऱ्याच्या दुपारी ऑफिसचं मशीन बंद होतं, त्यावर झेंडूची माळ होती.

मी उठून हरेशभाईंकडे गेले आणि सांगितलं, ओळ माझ्या हातून गेली. ते दार लोटून हळूच म्हणाले, "किसीको मालूम है?" मी नाही म्हटलं. "तर मग नको बोलूस. मंडळाची माणसं आहेत, तुझं नाव ऐकलं, आडनाव ऐकलं, तर काय काय बोलतील तुला कळतंय ना? विलास त्यांचा होता, त्याला माफ करतील."

याच वाक्याने माझं ठरलं. आधी थोडी भीती होती, खोटं कशाला सांगू. पण माझं आडनाव लपवायला तुझं नाव वापरायचं? आणि तेही त्यांच्या माफीच्या भरवशावर? मी ते पत्र त्यांच्या टेबलावर फाडलं आणि दुसरं लिहिलं. नोकरी जाईल तर जाईल म्हटलं. गेली नाही अजून. आमचं बोलणं मात्र गेलंय.

रविवारी मंडळाची बैठक भाईंदरला एका शाळेच्या वर्गात होती. मुलींचे आईवडील आले होते. वहिनी शेवटून दुसऱ्या बाकावर, त्यांच्या मागे त्याच त्या बायका. मी वहिनींना आधी काही सांगितलं नव्हतं, नुसतं या म्हटलं होतं. घागकाकांनी मला पुढे बोलावलं. मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट, जरा मोठ्यानेच. आणि सांगितलं की विलासने ओळ बरोबर घातली होती, नोंद करून घातली होती, हा त्याच्या फाइलीचा कागद. दसऱ्याला मी घाईत जुनी फाइल वर चढवली, त्यात ती ओळ पुसली गेली. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोलले. खरं बोलले असते तर त्याने तासाभरात पकडलं असतं.

रेश्माचे बाबा उठले. युनिफॉर्मवरच आले होते, ड्यूटीवरून थेट. "मॅडम, माझ्या पोरीने बारा दिवस रजा टाकली. रडत होती. ते कोण भरून देनार?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "माफी मागते, पण त्याने भरून येत नाही हे मला माहीत आहे."

"परत झालं तर?"

मी सांगितलं की आता ठराव सापडला नाही तर पान उघडतच नाही, स्वतःच्या मनाने काही धरून चालत नाही. आणि इशारे झाकलेले नाहीत, रोज सकाळी मी वाचते. ते मान हलवत राहिले. माफ केलं असं म्हणाले नाहीत. रेश्मा त्यांच्या शेजारी बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, बसा. साइटवरचं नाव राहू दे आपलं. कोनी येऊन बोललं तरी."

आता तुझ्याशी. पूजा मी पुढच्या दसऱ्यालाही करणार नाही. त्या माळेचा मान राखला असता तर हे झालं नसतं असं तू म्हणशील, आणि मी म्हणेन, तू इशारे झाकले नसतेस तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. दोन्ही खरं आहे, आणि मी माझं सोडत नाही. तुझी अर्धी चूक मी त्या वर्गात सांगितली नाही, कारण ती तुझ्यामाझ्यातली आहे, चारच्या चहाची. पण खोटं बोलले त्याची माफी मागायची राहिली. ती इथे मागते, विलास. 'बरं वाटलं' ते परत घे, हक्काचं नव्हतं ते माझ्या.

त्या रविवारी बोलून मी जागेवर परत आले तेव्हा वर्गात कुजबुज सुरू झाली होती. माझं आडनाव दोनदा ऐकू आलं. वहिनी उभ्या राहिल्या. तू नेहमी म्हणायचास, चार माणसांत हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांनी पाठीमागच्या बाकाकडे सरळ तोंड केलं, पदर खांद्यावर घेतला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "ऐकलंत ना? आता बोला, काय बोलायचं ते."